हात मागं!

इंदूताईंच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, त्या दिवशी त्यांच्या वहिनीच्या हातून लोणच्याची बरणी निसटली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच फुटली. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एक जण झाडू आणायला धावतो, दुसरा "लागलं का गं?" म्हणत थेट काचांवर पाय देतो आणि तिसरा बरणी तिथं ठेवलीच कुणी यावरून भांडण काढतो. इथं तसलं काही झालं नाही. आतल्या खोलीतून एकच आवाज आला, "हात मागं!" आणि घरातली सगळी माणसं, खाटेवरून उठू पाहणारे त्यांचे म्हातारे वडील आण्णासुद्धा, हात पाठीमागे धरून होती तिथं थांबली. का ते कळलं नाही, पण मीही थांबलो.

पडदा सारून इंदूताई बाहेर आल्या. ठेंगणी मूर्ती, कपाळावर चढवलेला चष्मा, कानात अजून मीटिंगचा हेडफोन. त्यांनी जमिनीपासून फळीपर्यंत सगळीकडे शांतपणे नजर फिरवली आणि विचारलं, "वैनी, हाताला काय हुतं?"

"तेल हुतं वाटतं."

"हाताला हुतं का बरनीला हुतं?"

वहिनीनं आठवून सांगितलं, "बरनीच तेलकट हुती." मग इंदूताईंनी वर बघितलं. वरच्या फळीवरच्या तेलाच्या डब्याला बारीक भोक पडलं होतं आणि तेल थेंबाथेंबानं खालच्या बरण्यांवर उतरत होतं. "आता झाडा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याआड गेल्या. आधीच झाडून घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत डबा रिकामा झाला असता आणि वहिनी धांदरट ठरली असती, हे मला परतीच्या वाटेवर उमगलं.

शनिशिंगणापूरच्या अलीकडे एका वस्तीवर त्यांचं घर होतं. गावच्या रीतीप्रमाणे त्या घराला दार नव्हतं. चौकट होती, पडदा होता, कुत्री येऊ नयेत म्हणून खाली आडवी फळी होती. कुणीही, कधीही आत यायचं. मोबाईल चार्जिंगला लावायला यायचं, विरजण मागायला यायचं, नुसतं बसायलाही यायचं. आणि त्या पडद्याआड ही बाई जगभरच्या संगणकांचं कर्नल दुरुस्त करत बसलेली असायची. कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. कुणाला किती जागा, कुणाला किती वेळ, कुणाची पाळी आधी, हे सगळं तो बघतो. आपल्याला तो कधी दिसत नाही. इंदूताईंच्या भाषेत सांगायचं तर, "कारभारी मेल्यावरच कळतं का कारभारी हुता."

त्यांचं काम नेमकं त्या मरणाचंच होतं. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून, आईच्या आजारपणात त्या गावी परतल्या त्या परतल्याच. मी नेवाशातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात संगणक सांभाळणारा एकटा माणूस. कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं म्हणून शंका विचारायला गेलो, आणि नंतर शंका नसली तरी जायला लागलो. त्यांनी मला एकदा ओट्यावर बसवून सगळं समजावलं होतं. एका मोठ्या यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रं राहतात. चूल एक आणि बिऱ्हाडं अनेक, पण प्रत्येकाला वाटतं की आपलं घर स्वतंत्र आहे. त्यातलं एखादं अडकलं, गप्प झालं, तर बाहेरच्या यंत्रानं त्याला एक हाक द्यायची. साध्या हाकेला प्रोसेसर, म्हणजे यंत्रातला प्रत्यक्ष काम करणारा गडी, "थांब, कामात आहे" म्हणू शकतो. ही हाक मात्र त्याला टाळता येत नाही. ती आली की आतल्या कारभाऱ्यानं ओळखायचं, आपलं संपलं. मग त्यानं बाकीच्या सगळ्या प्रोसेसरांना तीच हाक द्यायची, त्यांनी आहे तिथं थांबायचं, हातात काय होतं ते नोंदवायचं, आणि बाजूला राखून ठेवलेला एक छोटा कर्नल उठून ती सगळी अवस्था जशीच्या तशी उतरवून घेणार.

"म्हणजे पंचनामा," मी म्हणालो.

"व्हय. पन मेलेल्यानं सोताच लिवलेला पंचनामा." आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य आलं, "मशीन मेलं तर मरू दे बापू, पन खोटं मरू नये."

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं कुठून, ते आण्णांकडे बघून कळायचं. आण्णा साखर कारखान्यात फिटर होते. गव्हाणीपाशी, जिथं ऊस पट्ट्यावर पडून मिलकडे जातो, तिथं एकदा एका कामगाराचा हात सापडला. माणसं चहूकडून धावली. गोंधळात कुणीतरी पट्टा उलटा फिरवायला म्हणून खटका दाबला आणि तो सुलटाच फिरला. त्यानंतर आण्णांनी आपल्या पाळीला एक शिस्त लावली. धोक्याचा भोंगा झाला की जिथं असाल तिथं थांबायचं, हात पाठीमागे घ्यायचे, आणि फोरमन विचारील तसं एकेकानं सांगायचं की माझ्या हातात काय होतं. दुसऱ्याच्या हातात काय होतं ते सांगायचं नाही. फक्त आपलं. इंदूताई लहानपणी आण्णांचा डबा घेऊन कारखान्यात जायच्या, तेव्हा भोंगा झाल्यावर ती दांडगी माणसं पुतळ्यासारखी उभी राहिलेली त्यांनी पाहिली होती. "तवाच कळलं," त्या म्हणायच्या, "थांबनं हे बी कामच हाय. लई अवघड काम."

आता हॉस्पिटलचं सांगतो. आमच्या अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेपाशी एक मॉनिटर आहे आणि त्या सगळ्यांचे आकडे आणि अलार्म सिस्टरच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर येतात. तो मोठा पडदा एका आभासी यंत्रावर चालतो. एका सकाळी त्यानं दगा दिला. खिडकीकडच्या खाटेवरच्या आजोबांचं हृदय अडखळलं, पण टेबलावर अलार्म वाजलाच नाही. खाटेजवळचा आवाज आजोबांच्या लेकीनं ऐकला, ती ओरडत आली, मंगल सिस्टर धावली आणि आजोबा वाचले. त्या सगळ्या वेळात पडदा गोठलेलाच होता. कुणीतरी घाईनं यंत्र बंद करून चालू केलं, आणि यंत्राच्या पोटात जो काही पुरावा होता तो पुसला गेला.

मंगल सिस्टर म्हणजे त्या विभागाचा कणा. नवीन डॉक्टर तिला विचारून औषध लिहायचे आणि नंतर आपणच ठरवल्यासारखं दाखवायचे. पण अलार्मची यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, आमच्या यंत्रणेत दोष दिसत नाही, ड्यूटीवरच्या नर्सनं अलार्म बंद केला असणार. आवाजाचा त्रास होतो म्हणून असं करतात, असंही वर सांगितलं. ट्रस्टच्या अध्यक्षांनी चौकशी लावली. दोष सिद्ध झाला तर नोकरी तर जाणारच होती, पण सिस्टरला त्याचं तेवढं नव्हतं. ती मला म्हणाली, "भाऊ, मी अलार्म बंद करून बसले, हे त्या लेकीला खरं वाटलं तर? तिनं माझे पाय धरले होते त्या दिवशी."

मी इंदूताईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच शेजारची एक बाई चहापत्ती मागायला आली. अशा वेळी त्यांची एक लकब होती. बोलणं जिथं तुटलं तिथं त्या डाव्या हाताचं बोट टेबलावर टेकवायच्या, उजव्या हातानं आलेलं काम उरकायच्या आणि बोट उचलून नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायच्या. चहापत्ती देऊन झाली, बोट उचललं गेलं. "तर ते यंत्र पुन्हा अडकनार. अडकलं का कुनी चालू-बंद करायचं न्हाई. तू हाक द्यायची. पंचनामा आपोआप हुईल आन् यंत्र आपोआप उठंल." त्यांनी येऊन सगळी तयारी करून दिली. मंगल सिस्टरनंही आपल्या परीनं तयारी केली. पडदा गोठला तर कोणती नर्स कोणत्या खाटेपाशी जाऊन बसणार, ते ठरवून टाकलं.

आणि एका दुपारी पडदा गोठला. सिस्टरनं आवाज न चढवता सांगितलं आणि नर्सा आपापल्या खाटांपाशी जाऊन बसल्या. मी हाक दिली. पंचनामा सुरू व्हायला हवा होता. काहीच झालं नाही. पुन्हा हाक दिली. पडदा तसाच. डॉक्टर मागून म्हणत होते, "अहो, रीस्टार्ट करा! वाट कसली बघताय?" मी इंदूताईंना फोन लावला आणि त्यांनी पहिला शब्द उच्चारला तो तुम्हाला माहीत आहे. मी हात मागे घेतले. फोन खांद्याला धरून, हात पाठीमागे बांधून, मी त्या गोठलेल्या पडद्यापुढे शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा उभा राहिलो.

"आत उत्तर न्हाई ना? मग बाहेरनं घेऊ," त्या म्हणाल्या. बाहेरचं मोठं यंत्र जिवंत होतं. ते आतल्याची सगळी स्मृती, म्हणजे मेमरी, आहे तशी उतरवून घेऊ शकत होतं. पण त्याला जास्त वेळ लागणार होता आणि तेवढा वेळ मोठा पडदा बंदच राहणार होता. डॉक्टर तयार होईनात. त्यांचंही चुकत नव्हतं, खाटांवर माणसं होती. तेव्हा मंगल सिस्टर एका खाटेपाशी बसूनच म्हणाली, "डॉक्टर, आमचे डोळे आहेत की. एकेका पेशंटपाशी एकेक जण आहे. हे आता पुसलं तर पुढच्या वेळी कुणाची लेक जवळ असेलच असं नाही." डॉक्टर स्वतः एका खाटेपाशी स्टूल ओढून बसले. सगळं उतरवून होईपर्यंत त्या विभागात खाटेजवळच्या यंत्रांची टिकटिक तेवढी होती. यंत्र बंद असतानाची अशी जागती शांतता मी पुन्हा पाहिली नाही.

ती स्मृती घेऊन मी शिंगणापूरला गेलो. इंदूताईंनी ती उघडली. माझ्यापुढे नुसते आकड्यांचे ढीग होते, त्या मात्र एखाद्या घरातून हिंडावं तशा त्यातून हिंडत होत्या. इथं हा थांबलाय, हा डिस्कची वाट बघतोय, हा त्याच्या मागं अडलाय. आणि मग त्यांनी मला एक ओळ दाखवली. एका खाटेचा अलार्म होता तो. वाजायला निघालेला. डिस्ककडे काही नोंदवायला गेलेला एक भाग अडकून पडला होता आणि अलार्म त्याच्या मागे रांगेत उभा होता. "बघ, चालू हाय ह्यो. बंद कुनीच केला न्हाई. ह्यो निघाल्ता बिचारा, वाटंत अडकला." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेलेल्या यंत्राच्या पोटात एक न वाजलेला अलार्म जसाच्या तसा उभा असतो आणि कुणीतरी तो शोधून काढतं, हे मी डोळ्यांनी पाहत होतो. ईश्वरावर माझा फारसा भरवसा नाही, पण त्या क्षणी हात जोडावेसे वाटले, आणि कुणापुढे जोडायचे तेही ठाऊक होतं.

पण त्या थांबल्या नाहीत. "सिस्टरचं झालं. आता मला सांग, हाक का लागू झाली न्हाई?" पुन्हा हिंडणं सुरू झालं. उत्तर सापडलं तेव्हा त्यांनी कीबोर्डवरचे हात काढून पाठीमागे घेतले. थांबणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरनं जाता जाता पडद्यावर "मी थांबलो" असं लिहावं, अशी एक ओळ कुणीतरी कर्नलमध्ये घातली होती. हेतू चांगला होता. पण पडद्यावर लिहायला एक किल्ली लागते. त्या दुपारी ज्याच्या हातात ती किल्ली होती तो ती घेऊनच थांबला, आणि बाकीचे किल्लीची वाट बघत उभे राहिले. पंचनाम्यापर्यंत कुणी पोचलंच नाही. कर्नलमधल्या प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचं नाव असतं. मी वाकून पाहिलं. नाव इंदूताईंचं होतं.

"मरताना कुनाकडं काय मागायचं न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "आण्णांनी कितींदा सांगितलं. आपल्या हातात काय ते बोल आन् थांब. मी नवी हुते पुन्यात. वाटलं, सांगून थांबलेलं बरं."

मी घाबरलो ते वेगळ्याच कारणानं. चौकशीत त्या सिस्टरच्या बाजूनं बोलणार होत्या. कंपनीच्या माणसाला ही ओळ कळली असती तर तो एवढंच धरून बसला असता. मी म्हणालो, "ताई, या ओळीचं तिथं कशाला काढायचं? अलार्मशी तिचा संबंध नाही. ती गुपचूप काढून टाका." त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "आरं, यंत्रानं खरं सांगावं म्हनून मी एवढी वर्सं घातली. आन् माझी पाळी आल्यावर गप बसू?"

चौकशी अध्यक्षांच्या खोलीत झाली. मंगल सिस्टर भिंतीशी खुर्चीवर बसली होती, मांडीवर हात घट्ट गुंफून. कंपनीचा माणूस समोरच्या पडद्यावर दिसत होता. इंदूताई उभ्या राहिल्या आणि अलार्मचं काही बोलायच्या आधी म्हणाल्या, "आधी माझ्या हातात काय होतं ते सांगते." मग त्यांनी आपल्या ओळीचं सगळं सांगितलं. तो माणूस लगेच म्हणाला, "मॅडम, तुमच्याच कोडमध्ये चूक असेल तर तुमच्या निष्कर्षावर आम्ही विश्वास का ठेवावा?" सिस्टरचा चेहरा उतरला.

"ठेवूच नका," इंदूताई म्हणाल्या. "म्हणून तर सांगितलं. ही स्मृती घ्या. माझं एकही साधन वापरू नका. तुमच्या साधनांनी उघडा, तुमच्या माणसाकडून वाचून घ्या, आणि तुम्हाला काय दिसतं तेवढंच सांगा."

आता त्या माणसाला नाही म्हणायला जागा उरली नाही. त्यानं आपल्या इंजिनियरला बसवलं. आम्ही सगळे चहा न पिता बसून होतो. बऱ्याच वेळानं तो इंजिनियर पडद्यावर आला. तरुण मुलगी होती. तिनं आपल्या साहेबाकडे एकदा पाहिलं आणि सरळ सांगितलं, "अलार्म चालू आहे, सर. रांगेत अडकलाय. दोष आपल्या डिस्कवर लिहिणाऱ्या भागात आहे. त्या सकाळीही हेच झालं असणार, आपल्याकडच्या नोंदी तिथंच तुटल्यात." मंगल सिस्टरनं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. अध्यक्ष उठून तिच्यापाशी गेले आणि तिची माफी मागितली. इंदूताई मात्र पडद्यावरच्या त्या मुलीकडे बघत होत्या. "पोरगी चांगली हाय," त्या मला कानात म्हणाल्या. "साहेबाकडं बघून बी खरं बोलली."

पुढे त्यांनी ती ओळ जगासमोर काढून टाकली. काढताना खाली लिहिलं की ही चूक माझी आहे आणि ती अशी अशी घडली. कर्नलवर काम करणाऱ्या परदेशातल्या मोठमोठ्या लोकांनी त्यांची वाहवा केली. वहिनीला मी ते वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "चूक केली म्हनून कौतुक? आमच्या बरनीचं कुनी न्हाई केलं." इंदूताई हसून हसून लाल झाल्या.

गेल्या उन्हाळ्यात, सकाळी काम करता करता, खुर्चीतच त्यांचं हृदय थांबलं. वहिनीचा फोन आला तेव्हा मंगल सिस्टर माझ्यापाशीच होती. आम्ही दोघं जीप करून निघालो. वाटेत सिस्टर एकच म्हणाली, "त्यांच्यापाशी अलार्म नव्हता हो भाऊ."

घरापुढे सगळी वस्ती जमली होती. बायका, माणसं, पोरं. पण रडारड नव्हती. दार नसलेल्या त्या चौकटीपासून थेट आतल्या पडद्यापर्यंत माणसं दोन्ही बाजूंना उभी होती, आणि प्रत्येकाचे हात पाठीमागे होते. चहापत्ती मागायला येणारी ती बाई होती. मोबाईल चार्जिंगला लावणारी पोरं होती. आण्णा खाटेवर बसून होते, तेही हात मागे घेऊन. वहिनी पुढे आली.

"ताईंना तेवढं खाली घेतलं. बाकी कुनी काय हलवलं न्हाई. तुमी बघा आधी."

मी आत गेलो. संगणकाचा पडदा उजळलेला होता. कुणा अनोळखी माणसानं शंका विचारली होती आणि त्या त्याला उत्तर लिहीत होत्या. उत्तर अर्ध्यात तुटलं होतं. मी ते जसंच्या तसं जतन केलं, खाली फक्त त्या गेल्याचं लिहिलं आणि पाठवलं. मग बाहेर आलो आणि झालं म्हणून मान हलवली. तेव्हा आण्णांनी पाठीमागचे हात सोडले, तोंडावर घेतले, आणि साऱ्या वस्तीनं एकदम टाहो फोडला.